खंड्या, न्योर्डलिंगन आणि रात्री दहाची हाक

मी मूळची मेहकरची, त्यामुळे लोणारचं सरोवर म्हणजे आमच्याकडे पाहुणे आले की दाखवायला न्यायची हक्काची जागा. आता राहते जर्मनीत, स्टुटगार्टजवळ, आणि इथूनही गाडीने दोन तासांच्या आत उल्का पडून झालेलं एक विवर आहे हे मला कळायला चक्क चार वर्षं लागली, तेही खंड्या घरी आल्यावर.

खंड्या म्हणजे आमचा कुत्रा. इथल्या टीअरहाइममधून, म्हणजे बेवारस प्राण्यांच्या आश्रयगृहातून आणला, जात-बीत काही नाही, कान एक उभा एक पडका, अगदी आपल्या गल्लीतल्यासारखा दिसतो म्हणूनच मी भुलले. तो आल्यापासून विमानाने भटकणं बंद झालं, त्याला एकटं सोडवत नाही, मग शनिवार-रविवार गाडी काढायची आणि जवळची छोटी गावं बघायची असं सुरू झालं. इथल्या कायद्यात गाडीतला कुत्रा म्हणजे सामान, त्यामुळे तो नीट बांधलेला पाहिजे. आम्ही त्याला छातीचा पट्टा घालून मागच्या सीटच्या बेल्टला अडकवतो, दर दीड-दोन तासांनी थांबतो, पाणी पाजतो, आणि निघायच्या आधी पोटभर खायला देत नाही, कारण पहिल्या ट्रिपला घाटात त्याने सगळी सीट खराब केली होती आणि बिचारा नंतर तासभर मान खाली घालून बसला होता.

त्या विवरातल्या न्योर्डलिंगन गावाला जाताना आम्ही बी २९ रस्ता धरला. वाटेत बोप्फिंगनला इप्फ नावाचा डोंगर लागतो, माथा सपाट, बघितल्यावर आपल्याकडच्या गडांची आठवण येतेच येते. तिथे वर चढून आलो की खंड्या पुढचा रस्ताभर झोपतो.

आणि मग जमीन सपाट होते, चारी बाजूंना लांबवर टेकड्यांची कड दिसते आणि आपण विवरात उतरलोय हे कळतसुद्धा नाही. लोणारचं विवर साधारण १.८ किलोमीटर रुंद, काठावर उभं राहिलं की सगळं एका नजरेत मावतं. हे रीसचं विवर जवळपास २४ किलोमीटर, सुमारे १.५ कोटी वर्षांपूर्वीचं, त्यात शेतं, गावं सगळं वसलंय आणि न्योर्डलिंगन त्याच्या पोटात. अपोलो १४ चे अंतराळवीर १९७० मध्ये इथे दगड ओळखायला शिकायला आले होते. गावच्या सेंट जॉर्ज चर्चचा मनोरा त्याच उल्केच्या धक्क्याने बनलेल्या दगडाचा आहे, त्या दगडात डोळ्यांना न दिसणारे बारीक हिरे असतात. ९० मीटर उंच मनोरा, ३५० पायऱ्या, मी एकटी चढले, नवरा आणि खंड्या खाली थांबले.

पण मला खरं सांगायचंय ते गल्ल्यांबद्दल. गावाभोवतीची तटबंदी अजून अख्खी आहे, पाच वेशी, आणि भिंतीवरून छपराखालच्या वाटेने पूर्ण फेरी मारता येते. दुपारी आम्ही ती मारली आणि मग चामडं कमावणाऱ्यांच्या जुन्या आळीत उतरलो, तिथल्या घरांचे वरचे मजले कातडी वाळवायला मोकळे ठेवलेले असायचे. सगळं इतकं शांत की खंड्याच्या नखांचा दगडी फरशीवर टकटक आवाज येत होता. जर्मनीत आल्यावर ही शांतता मला खायला उठायची, संध्याकाळी रस्त्यावर एक माणूस नाही, ना हाका, ना भाजीवाला. खंड्यामुळे मी त्यात रोज दोनदा चालायला लागले, तो हुंगायला थांबला की मीही थांबते, आणि मग दाराजवळचा सुकत घातलेला लसणीचा झुबका दिसतो, कुठल्यातरी स्वयंपाकघरातला कांदा परतल्याचा वास येतो. लोकही त्याच्याशी आधी बोलतात, मग माझ्याशी. जेवायला गेलो तर मेन्यू यायच्या आधी त्याचं पाण्याचं भांडं आलं!

रात्री दहाला मनोऱ्यावरून पहारेकरी हाक देतो, "झो, ग्झेल, झो!" (म्हणजे साधारण "असं तर, गड्या, असं!"), बारापर्यंत दर अर्ध्या तासाने. गोष्ट अशी सांगतात की १४४० मध्ये फितूर पहारेकऱ्यांनी वेस उघडी ठेवली होती, एक डुक्कर तिला अंग घासत होतं म्हणून एका बाईच्या ते लक्षात आलं आणि ती हेच शब्द ओरडली, गाव वाचलं. आम्ही चौकात उभे होतो, हाक आली आणि खंड्याने मान वर करून असा काही लांब सूर लावला की माझं काळीजच हललं, कारण दहानंतर इथे आवाज चालत नाही. वरची एक खिडकी उघडली, मला वाटलं आता बोलणी बसणार, तर आजीबाई हसून म्हणाल्या, नाव काय हो याचं? मी दोनदा सांगितलं, त्यांनी तिसऱ्यांदा बरोबर म्हटलं.

व्हिडिओ आईला पाठवला होता, सकाळी तिचा फोन. "अगं, कुत्रं असं रडलेलं चांगलं नसतं, आधी त्याला भाकर घाल." इथे कुठली भाकर, पण मी बेकरीत गेले, दारावर कुत्र्यांना बंदीचं चित्र म्हणून हे दोघं बाहेर उभे, एक साधा ताजा पाव घेतला, आणि वेशीजवळच्या बाकावर बसून अर्धा त्याला तोडून तोडून भरवला.