पदवीधरची मोजणी आणि ती निळ्या पेनची मतपत्रिका

विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघाच्या मोजणीला टेबल सुपरवायझर म्हणून ड्युटी लागली होती. त्यातल्या दोन मतपत्रिका अजून डोक्यातून जात नाहीत म्हणून लिहितोय.

ईव्हीएमची मोजणी बघितलेल्यांना वाटतं संध्याकाळपर्यंत निकाल लागला. इथे आधी सगळ्या पेट्यांतल्या मतपत्रिका एकत्र मिसळायच्या, २५-२५ चे गठ्ठे बांधायचे, मग एकेका टेबलावर हजार हजार येतात, आणि वैध-अवैधचं खरं काम तेव्हा कुठे सुरू होतं. इथे मत म्हणजे उमेदवारांपुढे पसंतीने १, २, ३ असे आकडे लिहायचे. १ हा आकडा एकाच उमेदवारापुढे हवा, बाकी पसंत्या नाही दिल्या तरी मत वैध. आकडा मराठी, इंग्रजी, रोमन कसाही चालतो, पण अक्षरी 'एक' लिहिलं की बाद, बरोबरची खूण केली की बाद, सही ठोकली तरी बाद. "शिकलेल्यांना मत देता येत नाही" असं लोक हसून म्हणतात तेव्हा मला राग येतो. एरवी बटण दाबणाऱ्या माणसाच्या हातात सहा वर्षांतून एकदा कागद देता, तर त्याला नीट सांगायला नको?

पहिली मतपत्रिका. तिच्यावर एकच आकडा. एका उमेदवाराचा एजंट म्हणे हा इंग्रजी नऊ आहे, १ नाहीच, बाद करा. दुसरा म्हणे मराठी एक. आवाज चढले. संशयास्पद म्हणून ती निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांकडे गेली. त्यांनी शांतपणे बघितलं, गाठ वर डावीकडे आणि शेपूट खाली उजवीकडे वळलेलं, म्हणजे मराठी १. वैध. माझ्या मते अगदी योग्य निर्णय.

दुसरी मात्र सलते. सगळ्या उमेदवारांपुढे ओळीने पसंतीक्रम, एकही आकडा दोनदा नाही, कुठे खाडाखोड नाही, इतकी व्यवस्थित मतपत्रिका त्या रात्री माझ्या टेबलावर दुसरी आली नाही. पण निळ्या बॉलपेनने लिहिलेली. केंद्रावर मिळणाऱ्या जांभळ्या स्केचपेननेच लिहायचं, दुसरं पेन वापरलं तर मत बाद. नियम मला पटतो, वेगळ्या शाईवरून मत ओळखता आलं तर गुप्तता कसली आणि मत विकत घेणाऱ्याला पुरावाच मिळतो. तरी त्या माणसाने प्रत्येक नावाचा विचार केला होता हो! स्केचपेन वाळला होता की कुणी हातात दिलाच नाही, कोण जाणे. माझ्या लेखी हा केंद्रावरच्या टीमचा निष्काळजीपणा. ट्रेनिंगमध्ये पेट्या, सील आणि फॉर्म यांवर तास जातात आणि पेनबद्दल जेमतेम एक वाक्य.

पुढे कोटा, म्हणजे जिंकायला लागणारी वैध मतांच्या निम्म्याहून एक जास्त मतं, कुणालाच गाठता आला नाही आणि एलिमिनेशन सुरू झालं. तळाचा उमेदवार बाद झाला की त्याच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती बघायची. काहींवर २ दोघांपुढे, तिथेच ती मतपत्रिका संपली. काहींवर पुढे काहीच नाही. आणि पार खालपर्यंत कामी आली असती अशी ती निळी मतपत्रिका बादच्या गठ्ठ्यात.

आता ओळखीतल्या कुणाला पदवीधर नाहीतर शिक्षक मतदारसंघाची केंद्रावरची ड्युटी लागली की मी फोन करून सांगतो, मतपत्रिकेबरोबर स्केचपेन हातात द्या, आधी कोऱ्या कागदावर चालवून बघा, आणि "ह्यानेच लिहा, आकड्यातच लिहा" एवढं प्रत्येकाला तोंडाने सांगा.