नववा शब्द

माणसं मोजायची नाहीत, असा आम्हा बेने इस्राएलांत, म्हणजे कोकणातल्या ज्यूंत, दंडक आहे. लहानपणी कुणी बोट फिरवत एक, दोन, तीन करायला लागलं की आजी हात खाली ओढायची. पण मी हझान, प्रार्थना चालवणारा, मला रोजच मोजावं लागतं. आमच्यातले दहा सज्ञान पुरुष असल्याशिवाय मिन्यान, म्हणजे प्रार्थनेचा कोरम, होत नाही आणि मिन्यान नसेल तर ना कद्दीशची प्रार्थना, ना सेफर तोरा या धर्मग्रंथातून वाचन. जुन्यांनी यावर तोड काढून ठेवली आहे. तेहिल्लीमच्या 28 व्या स्तोत्राच्या शेवटच्या ओळीत हिब्रूचे बरोबर दहा शब्द आहेत. माणसामागे एक शब्द म्हणत जायचं. होशिया, एथ, अमेखा, उबारेख, एथ, नहलाथेखा, उर्एम, वेनस्सेएम, अद, हाओलाम. तुझ्या लोकांना तार, तुझ्या वतनाला आशीर्वाद दे, त्यांचं पालन कर, त्यांना उचलून घे, सर्वकाळपर्यंत. ओळ पुरी झाली की माणसं पुरी झाली.

आता, 'अद' म्हणजे 'पर्यंत'. हिब्रूत 'पर्यंत' आधी येतं आणि कुठपर्यंत ते मागून. माणसं नऊच असली की ओळ 'पर्यंत'वर येऊन थांबते.

12 ऑक्टोबर 2018, शुक्रवार. सकाळी सहाला फोन वाजला. अलिबागच्या बाजूच्या किनाऱ्यावरच्या एका गावातून, ओळखीच्या घरातून. "काका, बाबा गेले." पहाटे गेले होते. मुलगा उशाशी होता, त्याने कानात शेमाची प्रार्थना म्हटली. वय 84.

आमच्यात मयत ठेवत नाहीत, शक्य तितक्या लवकर दफन करतात. त्यात शुक्रवार. सूर्य मावळला की शब्बाथ, शनिवारचा विसावा, लागणार आणि शब्बाथला दफन नाही. म्हणजे सव्वासहाच्या सूर्यास्ताच्या बरंच आधी सगळं आटोपायला हवं. मी कपाट उघडलं. माझ्या कपाटाची रचना पाहून आमच्या शेजारणी हसतात. वरच्या खणात कतुब्याचे कोरे कागद, लग्नाचे. मधल्या खणात मिलाची, म्हणजे सुंतेची, पेटी. खालच्या खणात कफनाचं पांढरं कापड. मुंबई-ठाण्याबाहेरच्या गावांतून बोलावणं आलं की मी एक खण रिकामा करतो आणि निघतो. त्या दिवशी खालचा.

ठाण्याहून माझ्यासोबत तिघे निघाले. गाडीत पहिली चर्चा मयताची नाही, आकड्याची. आम्ही चार. घरातला मुलगा पाच. त्याचा साडू पनवेलहून, सहा. अलिबागहून दोघे, आठ. रेवदंड्याहून एक म्हातारे गृहस्थ, नऊ. मुंबईचे दोघे भाऊ स्वतःच्या गाडीने निघालेत, म्हणजे अकरा. झालं तर मग. कोकणात हे गणित असं गाडीत बसून करावं लागतं. 1948 च्या सुमारास देशात बेने इस्राएल 20 हजारांच्या आसपास होते. आता सगळे मिळून पाच हजारांच्या आत, तेही बहुतेक मुंबई-ठाण्यात. बाकीचे इस्राएलमध्ये, लोद, रामले, दिमोना, अश्दोद. ज्या गावांची आडनावं आम्ही लावतो, त्या गावांत आता एखादंच घर उरलं आहे. हे त्यातलंच. यांच्या पणज्याचा तेलाचा घाणा होता. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणायचं. घाण्याचं दगडी उखळ अजून परसात आहे, त्यात तुळस लावली आहे.

पेण ते वडखळ रस्त्याबद्दल मी काही लिहीत नाही. ज्यांनी त्या वर्षी तो केला त्यांना ठाऊक आहे. आम्ही बाराला पोचलो.

न्हाणं घालायला आम्ही चौघं आत गेलो. या कामात बोलायचं नसतं, लागेल तेवढंच. माणसाला पाठ करू नये, त्याच्या अंगावरून वस्तू एकमेकांकडे देऊ नयेत, उघडं ठेवू नये. जिवंत माणसाची ठेवतो तीच अदब, किंबहुना थोडी जास्तच, कारण तो आता चूक दाखवणार नाही. कफनाला खिसा नसतो. बंद बांधताना गाठ मारत नाहीत, नुसता फास घेतात, ओढला की सुटेल असा. मी वीसेक वर्षं हे करतोय, तरी दर वेळी बोटं आपोआप गाठच मारायला जातात.

बाहेर आलो तर सूनबाई पातेली घेऊन उभी. घरात मृत्यू झाला की भरलेलं पाणी ओतून टाकायची रीत आहे. हंडा, कळशी, माठ सगळं तिने ओतलं होतं. हातात एक पितळी पातेलं उरलं होतं, त्यात काळ्या मनुका भिजत होत्या. आमच्याकडे शब्बाथच्या किद्दुशला, पेल्यावर म्हणायच्या आशीर्वादाला, वाइनऐवजी मनुकांचं शरबत करायची जुनी पद्धत आहे. "बाबांनी काल रात्री भिजत घातल्या," ती म्हणाली. "दर गुरुवारी तेच घालायचे. हेही ओतायचं का?"

मी पातेल्यात पाहिलं. पाणी जांभळं झालं होतं, मनुका टरारून फुगल्या होत्या. रीत पाण्याची आहे. हे पाणी आहे की शरबत? माझ्या गुरूंनी विचारलं असतं तर दोन्ही बाजूंनी तासभर बोललो असतो. मी म्हटलं, "हे पाणी राहिलं नाही. ठेव."

मग केरिया. बाप गेलेला मुलगा उभा राहतो, शर्टाच्या डाव्या बाजूला, हृदयावर, मी ब्लेडने चीर देतो आणि पुढचं तो हाताने फाडतो. तो टर्र असा आवाज घरातल्या कुणालाच नको असतो. तेवढ्यात नातू पुढे आला. तोच माझा विद्यार्थी. जूनपासून आठवड्यातून दोनदा मी त्याला फोनवरून तोरातला भाग शिकवत होतो. 10 नोव्हेंबरच्या शनिवारी, दिवाळीच्या सुट्टीत, अलिबागच्या मागेन अबोथ सिनेगॉगमध्ये त्याची बार मित्झवा, तेरा पुरी झाल्यावर धर्मात सज्ञान होण्याचा समारंभ, ठरली होती. (गावातली जुनी माणसं सिनेगॉगला अजून मशीदच म्हणतात.) भाग होता तोलेदोथ, याकोब आणि एसाव या इसहाकच्या मुलांचा.

"काका, माझा पण फाडायचा?"

"नाही रे. आईबाप, भाऊबहीण, मुलगा, मुलगी, नवराबायको. एवढ्यांनाच."

"नातवाला नाही?"

"नाही."

तो मागे सरकला. आजोबांच्या खोलीत निजणारा, त्यांच्याकडून पिर्के अबोथ या जुन्या नीतिवचनांतली वयांची यादी पाठ केलेला पोरगा. पाचव्या वर्षी शास्त्र, दहाव्या वर्षी मिश्ना, तेराव्या वर्षी आज्ञा, अठराव्या वर्षी खुप्पा म्हणजे लग्नाचा मांडव, चाळिसाव्या वर्षी समज, पन्नासाव्या वर्षी सल्ला, ऐंशीव्या वर्षी बळ. ऐंशीव्या वर्षी बळ कसलं, म्हणून म्हातारबुवा स्वतःच हसायचे आणि नातवाचा खांदा धरून उठायचे.

साडेतीनला कब्रस्तानात पोचलो. सगळा गाव आला होता. नवरात्र होतं, तिसरी माळ. मंडळाने सकाळपासून स्पीकर बंद ठेवला होता. कोळीवाड्यातली माणसं, मोहल्ल्यातली माणसं, शाळेचे मास्तर. खड्डा त्यांनीच खणला होता. दीड-दोनशे माणूस सहज होतं. आणि मी उभा राहून मनात ओळ म्हणतोय. होशिया, एथ, अमेखा... रेवदंड्याचे काका आले होते. वेनस्सेएम. अद.

नऊ.

मुंबईचे भाऊ वडखळ नाक्यावर अडकले होते. फोन केला तर म्हणाले, इथून गाडी अर्ध्या तासात दहा फूट सरकली. पुन्हा केला तर लागेना. मिन्यानवाचून दफन अडत नाही, ते केलंच असतं. पण मुलगा बापाच्या कबरीवर कद्दीश म्हणू शकला नसता. कद्दीशमध्ये मृत्यूचं अवाक्षर नाही, नुसती देवाच्या नावाची थोरवी आहे, आणि ती एकट्याने म्हणायची नसते, समोरून आमेन यावं लागतं. दहाजणांचं.

शेजारचे तात्या, म्हातारबुवांबरोबर पन्नास वर्षं पत्ते खेळलेले, माझ्याजवळ आले. त्यांना कुणीतरी अडचण सांगितली असावी. हळूच म्हणाले, "हझानसाहेब, मी उभा राहतो की दहावा. टोपी घातली आहे." खरंच त्यांनी पांढरी टोपी घातली होती. मला बोलता येईना. मी म्हटलं, "तात्या, तुम्ही माती घालताना पहिले या." त्यांनी मान हलवली. समजले असावेत, दुखावलेही असावेत.

चार वाजले. सव्वाचार. माझ्या सवयीप्रमाणे मी खिशातला लुआख, आमचं पंचांग, काढला. घरच्यांना हिब्रू तारीख लिहून द्यावी लागते, दरवर्षीच्या पुण्यतिथीचा दिवा त्या तारखेला लागतो. चिठ्ठीवर लिहिलं, 3 हेश्वान 5779. आणि हात थांबला. 3 हेश्वान मी या घरासाठी आधी कधीतरी लिहिलं होतं.

घरी बायकोला फोन लावला. करंजाच्या झाडाखाली कशीबशी रेंज येत होती. "मिलाची वही काढ. 2005." मिला केलेल्या प्रत्येक बाळाची नोंद मी ठेवतो, वडील ठेवायचे तशीच. पानं उलटल्याचा आवाज येत होता. मला मात्र वहीआधीच आठवायला लागलं. या पोराची मिला शनिवारी होती. आठवा दिवस शब्बाथला आला तरी मिला टळत नाही, पण मला शब्बाथला प्रवास करता येत नाही, म्हणून आदल्या दिवशी येऊन मी याच घरात मुक्काम केला होता. आजोबा संदाक होते. एलियाहू हन्नबीसाठी, म्हणजे संदेष्टा एलियासाठी, मांडलेल्या रिकाम्या खुर्चीशेजारी बसले, मांडीवर उशी, उशीवर बाळ. त्यांचेच पाय थरथरत होते आणि मी म्हटलं होतं, भाऊ, पाय धरा, माझा हात नको हलायला. मिला शनिवारी, म्हणजे जन्म शुक्रवारच्या सूर्यास्तानंतरचा.

बायको म्हणाली, "सापडलं. जन्म 4 नोव्हेंबर, शुक्रवार, संध्याकाळी 7.20. कंसात तुमच्या अक्षरात 3 हेश्वान 5766."

सगळ्यांच्या डोक्यात 4 नोव्हेंबर होता. माझ्याही. दिवाळीची सुट्टी, इस्राएलहून येणारी आत्या, हॉल, या सोयीने शनिवार धरला आणि मी शिकवायला लागलो. ज्या माणसाचं कामच तिथी पाहणं, त्याने पाच महिन्यांत एकदाही ती पाहिली नाही. आमचं वर्ष चंद्राचं, अधूनमधून महिना वाढवून सूर्याशी जुळवलेलं. तेरा वर्षांनी तिथी कधी इंग्रजी तारखेच्या आठवडाभर पुढे जाते, कधी तीन आठवडे मागे येते. या पोराची मागे आली होती. काल सूर्य मावळला तेव्हा त्याला तेरा वर्षं पूर्ण झाली, आणि घरातल्या कुणालाही पत्ता नव्हता. बार मित्झवा समारंभाने होत नाही, तारखेने होते. हॉल लागत नाही, केक लागत नाही.

तो पाण्याच्या पिंपापाशी लहान मुलांत उभा होता. मी त्याला हाक मारली, "इकडे ये. माझ्या शेजारी उभा राहा."

"कशाला?"

"तू लागतोस."

मी पुन्हा सुरुवातीपासून ओळ म्हटली, या खेपेला मोठ्याने. अद. मग त्याच्याकडे पाहून, हाओलाम. बापाने माझ्याकडे पाहिलं. मी वहीचं सांगितलं. त्याने काही विचारलं नाही, पोराच्या डोक्यावरची किप्पा नीट केली.

बापाने कद्दीश सुरू केलं. यिथगद्दल वेयिथकद्दश. आमेन म्हणताना पोराचा आवाज फाटला. त्या वयात फाटतोच. पुढच्या आमेनला तो खालच्या पट्टीत गेला आणि तिथेच राहिला. नंतर फावडं हातात घेतलं. आम्ही एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात फावडं देत नाही, जमिनीवर टेकवतो, पुढच्याने उचलायचं. ते मी त्याला शिकवलेलं नव्हतं. त्याने तात्यांकडे पाहिलं, स्वतःचं झाल्यावर फावडं त्यांच्या पायाशी टेकवलं. मिलाच्या वेळी जमलेली माणसं बाळाला म्हणतात, जसा तू करारात आलास तसा तोरेत, खुप्प्याखाली आणि सत्कृत्यांत येवो. क्रम ठरलेला आहे. मेलेल्यासाठी जे करायचं ते आमच्यात सर्वांत निखळ सत्कृत्य मानतात, कारण परतफेड नसते. या पोराचा खुप्पा अजून लांब होता.

पाच वाजून गेले होते. ठाण्याला परतणं शक्यच नव्हतं, वाटेतच शब्बाथ लागला असता. पुन्हा याच घरात मुक्काम. मुंबईचे भाऊ पावणेसहाला पोचले, धुळीने माखलेले, ओशाळलेले.

दफनाहून परतल्यावरचं पहिलं जेवण घरच्यांनी स्वतःच्या घरचं खायचं नसतं, शेजारी आणतात. तात्यांच्या घरून उकडलेली अंडी आणि मसुराची आमटी आली. तात्यांच्या सुनेला आमची रीत इतक्या वर्षांत पाठ होती. मसूर आणि अंडी यासाठी, की दोन्ही गोल, दुःख फिरत फिरत सगळ्यांच्या दारी येतं. आणि मसुराला तोंड नसतं, शोक करणाऱ्यालाही नसतं. पोराने वाटीत पाहिलं. "काका, हे एसावने घेतलं तेच ना? याकोबने शिजवलेलं?"

"तेच. त्या दिवशी अब्राहाम वारला होता, असं जुने सांगतात. इसहाकसाठी शिजवलं होतं."

"म्हणजे आजोबा वारले म्हणून नातवाने."

मी हो म्हटलं. पाच महिने शिकवताना हे मी त्याला सांगितलं नव्हतं, उच्चारांतच अडकलो होतो.

दिवेलागणीआधी सूनबाईने मनुका कुस्करून फडक्यातून पिळल्या. शब्बाथला शोक दाराबाहेर ठेवतात, म्हणून बापाने फाटका शर्ट बदलला होता. त्याने पेला उचलला, पहिले दोन शब्द म्हटले आणि पुढे जाईना. त्याने पेला पोराकडे सरकवला. कालपर्यंत हे चाललं नसतं. पोरगा उभा राहिला, एका जागी अडला, माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं नाही. त्याचं त्यालाच आठवलं.

रात्रभर आणि दिवसभर भिजून शरबत जरा आंबट झालं होतं. कुणी काही बोललं नाही. पेला फिरत रेवदंड्याच्या काकांपर्यंत गेला तेव्हा तळाशी मनुकांचा गाळ उरला होता, तो त्यांनी बोटाने पुसून घेतला.