नर्सिंगमध्ये पीएच.डी. करताना

अंथरुणाला खिळलेल्या पेशंटच्या बेडसोरचं, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणाऱ्या जखमांचं, ड्रेसिंग मी वर्षानुवर्षं करत आले होते, त्यामुळे विषय शोधावा लागला नाही. पण ‘बेडसोर कसे टाळावेत’ हा प्रश्न एका थीसिसला फारच मोठा. गाईड मॅडमनी तो छाटत छाटत एवढाच ठेवला: धोका आधी मोजला, तर पेशंटची कूस वेळेवर बदलली जाते का? तेव्हा जिवावर आलं होतं. आज कोणी विचारलं तर मीही सांगते, प्रश्न एका वाक्यात मावेपर्यंत सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) लिहायला घेऊ नका. आणि संख्याशास्त्रज्ञाला डेटा गोळा करण्याआधी भेटा, नंतर नाही.

धोका मोजायला ब्रेडन स्केल घेतलं. 1987 मध्ये प्रसिद्ध झालेलं, सहा बाबींचं, एकूण 6 ते 23 गुण. गुण जितके कमी तितका धोका जास्त. कागदावर सोपं वाटतं. पायलटमध्ये, म्हणजे आधीच्या छोट्या चाचणीत, दोन सिस्टरांनी एकाच पेशंटला वेगवेगळे गुण दिले आणि ओलसरपणाच्या बाबीवर गाडी अडली. एकीने नुकतीच बदललेली कोरडी चादर पाहिली. दुसरीने शिफ्टमध्ये ती किती वेळा बदलावी लागली ते विचारलं. स्केलला या दुसरीचीच पद्धत अपेक्षित आहे. मग प्रत्येक गुणाचा अर्थ उदाहरणांसह लिहून काढला, पुन्हा सराव घेतला आणि योगायोगाने जुळलेली मतं वजा करून दोघींचे गुण कितपत जुळतात ते सांगणारा आकडा, कोहेनचा कप्पा (kappa), काढूनच पुढे गेलो.

सगळ्यात कस लागला तो एथिक्स कमिटीपुढे. जिच्या हातून रोज इंजेक्शन घ्यायचं, त्या सिस्टरला पेशंट ‘नाही’ कसं म्हणणार? म्हणून संमती घेण्याचं काम वॉर्डाबाहेरच्या सहकाऱ्याकडे दिलं. पुढचा प्रश्न त्याहून अवघड होता: निरीक्षण करताना कूस बदलायची राहून गेलेली दिसली, तर तुम्ही नुसती नोंद करणार का?

मी प्रोटोकॉलमध्येच लिहिलं: नोंद करीन आणि लगेच ड्युटीवरच्या सिस्टरला सांगीन, कोणी मोकळं नसेल, तर कूस मीच बदलीन. अशी निरीक्षणं विश्लेषणात वेगळी दाखवीन. आकडे थोडे बिघडतात, हे मान्य. पण माणूस दुखणं सोसत पडलेला असताना नुसती वही भरणं मला पटणारं नव्हतं. व्हायवात बाहेरच्या परीक्षकांनी नेमकं तेच पान उघडलं. ती निरीक्षणं धरून आणि वगळून केलेले दोन्ही तक्ते मी त्यांच्यापुढे ठेवले.