चार नगरसेवक आणि आमचं टिळकनगर

डोंबिवलीबाहेरच्या लोकांना आमचं गाव दोनच गोष्टींमुळे ठाऊक असतं: सकाळच्या लोकलची गर्दी आणि दिवाळी पहाटेचा फडके रोड. दोन्हीकडे उभं राहायला जागा मिळत नाही. फडके रोडपासून चालत आत आलं की टिळकनगर लागतं, तिथे मात्र अजून संध्याकाळी पेटीचे सूर ऐकू येतात. बहुतेक इमारती तीन-चार मजली, बिनलिफ्टच्या. वरच्या मजल्यावरची माणसं सत्तरीत पोचलीत आणि मुलं पुण्याला नाहीतर परदेशात, त्यामुळे दोरीला बांधलेली पिशवी खाली सोडून भाजी वर घेणं इथे जुनाट हौस म्हणून चालत नाही, ती गरज आहे.

मी आमच्या सोसायटीची सेक्रेटरी आहे. दुसरं कोणी तयार होत नाही म्हणून आहे, पण त्यामुळे महापालिका म्हणजे काय हे जरा जवळून कळलं. आमच्यासारख्या ३० वर्षांहून जुन्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यावं लागतं. त्यात इमारतीला शाळेतल्यासारखी श्रेणी मिळते. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची, सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्त करायची, सी-२बी म्हणजे माणसं आत राहून दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ काम. आम्हाला सी-२बी मिळाली. जिन्यात पेढे वाटायचंच काय ते बाकी होतं. पहिल्या मजल्यावरचे काका तेवढे खट्टू झाले, त्यांना पुनर्विकासातला मोठा फ्लॅट दिसत होता.

या सगळ्याचा कारभार जिथून चालतो ते मुख्यालय कल्याणला, शंकरराव चौकात. डोंबिवलीकराच्या मनात ही गोष्ट अजून थोडी सलते. १ ऑक्टोबर १९८३ला कल्याण-डोंबिवली महानगरपालिका झाली, तोवर आमची स्वतःची नगरपालिका होती, नगराध्यक्ष होते. सुरुवातीला अंबरनाथही याच महापालिकेत होतं, ते १९९२मध्ये बाहेर पडलं. आसपासच्या २७ गावांची तर महापालिकेत ये-जा चालूच. २००२मध्ये वगळली, २०१५मध्ये पुन्हा घेतली, आणि त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही.

आपलं गाव आपण चालवायचं ही सवय मात्र नगरपालिकेबरोबर गेली नाही. गुढीपाडव्याची शोभायात्रा आता महाराष्ट्रभर निघते. ती पहिल्यांदा निघाली आमच्या डोंबिवलीत, १९९९मध्ये, आणि कल्पना होती आबासाहेब पटवारींची. ते डोंबिवलीचे माजी नगराध्यक्ष. पद गेल्यावर माणसाने काय करावं याचा मला हा उत्तम नमुना वाटतो.

एरवी तक्रार कुठे न्यायची हा इथला खरा अभ्यासाचा विषय. पूर्व आणि पश्चिम यांच्या मधोमध रूळ, म्हणजे रेल्वे आली. वीज महावितरणची. घरडा सर्कलच्या पलीकडे एमआयडीसी. महापालिकेचं पाणी उल्हास नदीचं, मोहिली, बारावे, नेतिवलीच्या केंद्रांत शुद्ध होऊन येणारं, तर निवासी एमआयडीसीतल्या माझ्या बहिणीच्या घरी एमआयडीसीचं पाणी. रुळांवरचा कोपर पूल धोकादायक ठरून २०१९मध्ये बंद झाला तो २०२१च्या सप्टेंबरात उघडला. तेवढा काळ पश्चिमेला जायचं तर ठाकुर्लीच्या पुलाला वळसा. त्या दोन वर्षांत रेल्वेची हद्द कुठे संपते आणि पालिकेची कुठे सुरू होते, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ झालं होतं.

अशा गुंत्यात उपयोगी पडायचा तो नगरसेवक. २०१५च्या निवडणुकीत १२२ प्रभाग होते आणि प्रत्येकाला एक नगरसेवक. दहा-बारा हजार माणसांमागे एक. तो दूधवाल्याकडे भेटायचा, लग्नात भेटायचा, भेटला नाही तर त्याची आई भेटायची. त्याने काम केलं नाही तर कोणी केलं नाही हे सगळ्यांना माहीत असायचं. माझ्या मते लोकशाहीचा तेवढा भाग पुष्कळ आहे.

त्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२०मध्ये संपली आणि प्रशासक आले. पुढची निवडणूक झाली १५ जानेवारी २०२६ला. पाच वर्षांची मुदत असलेल्या सभागृहाशिवाय पाच वर्षांहून जास्त काळ गेला. पहिली निवडणूकही १९९५मध्ये झाली होती, त्याआधीची १२ वर्षं प्रशासकच. गंमत म्हणून बेरीज केली तर या महापालिकेच्या ४२ वर्षांच्या आयुष्यातली सुमारे १७ वर्षं नगरसेवकांविना गेली आहेत. प्रशासकांच्या काळात कामं झाली नाहीत असं मी म्हणणार नाही. पण जिन्यात थांबवून जाब विचारता येईल असं कोणी नव्हतं.

आता १२२ नगरसेवक आहेत, पण प्रभाग ३१. बहुतेक ठिकाणी चार जण मिळून एक प्रभाग, अ, ब, क, ड अशा चार जागा आणि मतदाराला चार मतं. म्हणजे पन्नासेक हजार माणसांचे चार प्रतिनिधी. कित्येक जागा तर बिनविरोध गेल्या, तिथे मतदारांना बटण दाबायची वेळच आली नाही. चारचा प्रभाग करण्यामागे पक्षांची गणितं असतील, मला त्यातलं कळत नाही. मला एवढं दिसतं, की रस्त्यावरचा दिवा बंद पडला तर चौघांपैकी प्रत्येकाला तो बाकीच्या तिघांचा वाटायला मोकळीक आहे.

चौघांची नावं आणि कार्यालयांचे पत्ते मी सोसायटीच्या फळ्यावर लावलेत. आता येत्या मिटिंगमध्ये एक ठराव मांडणार आहे: कुठलाही अर्ज चौघांनाही स्वतंत्र द्यायचा आणि चौघांकडूनही पोच घ्यायची. खजिनदारांचा विरोध आहे. झेरॉक्सचा खर्च वाढेल म्हणतात.