तुम्ही विचारलंत म्हणून: ताणाने सांधे खरंच दुखतात का?

मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते आणि बऱ्याच वर्षांपासून मला ऱ्हुमेटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे स्वतःची प्रतिकारयंत्रणाच सांध्यांवर उलटते तो संधिवात, आहे. या दोन्ही गोष्टी ज्यांना ठाऊक आहेत ते कधी ना कधी विचारतातच, की ताण आला की दुखणे वाढते हे खरे, की ते सगळे मनाचे खेळ? विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांचे स्वतःचे काहीतरी दुखत असते, आणि ते दुखणे ‘मनाचे’ ठरले तर घरचे आणि डॉक्टर दोघेही त्याकडे काणाडोळा करतील, अशी धास्ती त्या प्रश्नामागे असते. ताणाने दुखणे वाढते, असेच माझे उत्तर आहे. आणि ते जिथे वाढते त्या जागा बोट ठेवून दाखवता येण्याजोग्या आहेत.

सांगायला मी तापापासून सुरुवात करते, कारण तो प्रत्येकाने अनुभवलेला असतो. ताप भरला की कंगवा फिरवताना केसांची मुळे दुखतात, चादरीची एखादी चुणीही पाठीला टोचते, अन्नावरची वासना उडते आणि कोणी बोलायला आले तरी नकोसे होते. यातले बरेचसे जंतूंचे थेट काम नसते. जंतूंची चाहूल लागलेल्या पेशी इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-६ आणि टीएनएफ ही सायटोकाइन्स, म्हणजे प्रतिकारयंत्रणेची निरोप वाहणारी रसायने, सोडतात, त्यांचा निरोप काही अंशी रक्तावाटे आणि काही अंशी छाती-पोटातून वर जाणाऱ्या व्हेगस चेतेवाटे मेंदूला पोचतो, आणि मग मेंदूच तापमान चढवतो, भूक मारतो, झोप आणतो आणि वेदनेचा उंबरठा खाली ओढतो. बेंजामिन हार्ट या पशुवैद्यकाने १९८८ मध्ये अशी मांडणी केली, की आजारी जनावराचे निपचित पडून राहणे हा निव्वळ अशक्तपणा नसून जंतूंशी झुंजताना शक्ती राखून ठेवण्याची ती एक घडीव तऱ्हा आहे. संधिवाताच्या रुग्णाला आजार ऐन भरात असताना येणारा जो थकवा असतो, आणि ज्याला ‘आळस’ म्हणून मोकळे होणारे लोक कमी नाहीत, तो याच जातकुळीचा आहे. फरक इतकाच, की इथे जंतू नसताना सायटोकाइन्स वाढलेली असतात.

मन खचले की प्रतिकारशक्ती खचते, असे सर्रास म्हटले जाते. प्रवास उलट्या दिशेनेही होतो याचा सर्वांत ठसठशीत पुरावा हेपॅटायटिस सी या यकृताच्या विषाणूजन्य आजाराच्या जुन्या उपचारांतून मिळाला. त्या काळी इंटरफेरॉन-अल्फा हे प्रतिकारयंत्रणेचेच एक रसायन इंजेक्शनाने देत असत, आणि ते घेणाऱ्यांपैकी पुष्कळांना काही आठवड्यांत नैराश्य येई. पूर्वी कधीही तसा त्रास न झालेली माणसेही त्यात असत.

वेदनेच्या बाबतीत ही देवाणघेवाण आणखी जवळून पाहता येते. सुजलेल्या सांध्यात तयार होणारी प्रोस्टाग्लँडिन्स ही रसायने वेदना वाहून नेणाऱ्या चेतातंतूंच्या टोकांना इतकी हळवी करतात, की एरवी जाणवणारही नाही असा दाब त्यांना दुखापतीसारखा वाटू लागतो. सकाळी पेस्टच्या ट्यूबचे झाकण फिरवताना माझ्या अंगठ्याच्या मुळाशी जी कळ उठते ती हीच. (ॲस्पिरिन नेमके या प्रोस्टाग्लँडिन्सची निर्मिती रोखते, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवले, आणि पुढे १९८२ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता.) ते चेतातंतूही नुसते ऐकून घेत नाहीत. ते स्वतः सबस्टन्स पी आणि सीजीआरपी ही रसायने सांध्यात सोडतात, त्याने रक्तवाहिन्या रुंदावतात, प्रतिकारपेशी अधिक चेकाळतात आणि सूज वाढते. हे बराच काळ चालले की मज्जारज्जूतल्या मायक्रोग्लिया, म्हणजे मज्जासंस्थेत कायम वस्तीला असलेल्या प्रतिकारपेशी, जाग्या होतात आणि वर जाणारा प्रत्येक संदेश मोठा करून पाठवू लागतात. या शेवटच्या टप्प्यावरचे संशोधन वर्षानुवर्षे मुख्यतः नर उंदरांवर झाले होते. रॉबर्ट सॉर्ज आणि जेफ्री मोगिल यांच्या गटाने २०१५ मध्ये दाखवले, की मायक्रोग्लियांना रोखल्यावर नरांची वेदना उतरते, माद्यांची उतरत नाही. माद्यांमध्ये ते काम टी-पेशी या दुसऱ्या प्रकारच्या प्रतिकारपेशी करत असाव्यात. ज्या आजाराच्या रुग्णांत बायकांचे प्रमाण पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट आहे, त्या आजाराची रुग्ण म्हणून मला हे वाचून आनंद व्हावा की राग यावा, हे अजून ठरलेले नाही.

आता ताण. इथे वर्गातले एखादे चलाख पोर हमखास अडवते: ताणात कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढते, कॉर्टिसॉल दाह, म्हणजे प्रतिकारपेशींमुळे येणारी सूज, दडपते, तर मग ताणाने तुमचे सांधे बरे व्हायला नकोत का? शंका रास्त आहे. मेयो क्लिनिकमध्ये १९४८ साली फिलिप हेंच यांनी अंथरुणाला खिळलेल्या एका संधिवाताच्या रुग्ण स्त्रीला कॉर्टिसोन हे कॉर्टिसॉलचेच भावंड दिले आणि ती काही दिवसांत चालू लागली; या शोधाला १९५० चे नोबेल मिळाले. थोडा वेळ टिकणाऱ्या ताणात कॉर्टिसॉलचा हा लगाम कामही करतो. पण ताण महिनोन्महिने चालू राहिला, तर सतत ओरडणाऱ्या माणसाकडे जसे घरात कोणी लक्ष देईनासे होते, तशा प्रतिकारपेशी कॉर्टिसॉलला दाद देईनाशा होतात. शेल्डन कोहेन यांच्या गटाने निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात सर्दीचे विषाणू सोडून २०१२ मध्ये हेच दाखवले: दीर्घ ताणातून आलेल्या लोकांच्या पेशींवर कॉर्टिसॉलचा अंमल कमी चालत होता, आणि सर्दीही त्यांनाच अधिक झाली. कॉर्टिसॉल पुष्कळ आणि दाह मात्र मोकाट, असे हे चमत्कारिक चित्र आहे. त्यात झोप मोडली, की रात्रीची सायटोकाइन्सची भरती आणखी चढते, आणि सकाळचा आखडलेपणा लांबतो.

ताणाचा परिणाम मोजता येतो का, असे विचारणाऱ्यांना मी जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९९८ चा प्रयोग सांगते. दंतवैद्यकाच्या ११ विद्यार्थ्यांच्या टाळूवर त्यांनी साडेतीन मिलिमीटरची एकसारखी जखम केली, एकदा उन्हाळी सुट्टीत आणि एकदा परीक्षेच्या दिवसांत. माणसे तीच, जखम तेवढीच, तरी परीक्षेच्या काळातली जखम भरायला सरासरी तीन दिवस, म्हणजे सुमारे ४० टक्के वेळ, जास्त लागला. विद्यार्थ्यांची संख्या लहान आहे, हे मान्य. पण एकही विद्यार्थी असा निघाला नाही, की ज्याची जखम परीक्षेत सुट्टीइतक्या लवकर भरली. टाळूवरची जखम कोणाच्या मनाचा खेळ असू शकत नाही.

मग गोळ्या सोडून ध्यान करावे का, हा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, आणि त्याला माझे उत्तर स्वच्छ नकारार्थी आहे. केव्हिन ट्रेसी यांनी व्हेगस चेतेतून जाणारे मेंदूचे संदेश टीएनएफची निर्मिती कमी करतात हे दाखवले, हे खरे. पण ते विजेच्या उत्तेजनाने प्राण्यांत दाखवले होते, आणि त्याच्या जोरावर ‘व्हेगस जागी करा’ म्हणून जे काही विकले जाते त्याचा त्या कामाशी संबंध जेमतेम आहे. दीर्घ श्वसनाने मला झोप बरी लागते, म्हणून मी ते करते. हाडाची झीज मात्र मेथोट्रेक्सेटसारखी संधिवाताची औषधे थांबवतात, श्वसन थांबवत नाही. ताणामुळे भडका उडू शकतो म्हणून आजार ताणानेच झाला, पर्यायाने तो रुग्णाच्याच स्वभावाचा दोष, असे कोणी सुचवले तर तेही मी ऐकून घेत नाही.

डॉक्टरांकडे जाताना मी दुखण्याच्या नोंदींबरोबर झोपेच्या आणि ताणाच्या नोंदीही नेते, कारण त्यांचा उपयोग अगदी व्यावहारिक आहे. सांधे सुजलेले असतील आणि सीआरपी, म्हणजे दाह दाखवणारे रक्तातले प्रथिन, चढलेले असेल, तर दाह आटोक्यात नाही आणि औषध बदलावे लागेल. सांधे शांत, सीआरपी नॉर्मल आणि तरीही दुखणे कायम असेल, तर बहुधा मज्जारज्जू आणि मेंदूच हळवे होऊन बसलेले असतात. त्या दुखण्याला मेथोट्रेक्सेटचा डोस वाढवून काही होत नाही. झोप सुधारणे, बेताबेताने वाढवत नेलेला व्यायाम आणि गरज पडल्यास चेतासंस्थेवर काम करणारी वेगळी औषधे यांचा मार्ग धरावा लागतो. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून दुखणे नाही, असा अर्थ त्या कागदातून निघत नाही.