छडीचं वचन सगळ्यांना पाठ!

आज चर्चमधल्या उपासनेनंतर बेळगाव कॅम्पात चहा घेताना मुलांना मारावं की नाही यावरून चांगलीच जुंपली. एका काकांनी बायबलातल्या नीतिसूत्रे या पुस्तकातलं वचन (13:24) ऐकवलं: छडी आवरणारा मुलाचा द्वेष करतो. बरोबर. पण त्याच बायबलात प्रेषित पौल इफिसकरांना पत्रात लिहितो (6:4), बापांनो, मुलांना चिरडीस आणू नका. कलस्सैकरांना लिहिलेल्या पत्रात कारणही सांगतो (3:21), ती खिन्न होतील. हे मात्र कुणी फ्रेम करून भिंतीवर लावत नाही! शिस्त हवीच हो, पण आपला राग काढायला नको. शाळांत तर 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने मारायला बंदीच आहे. एवढ्यात काकांच्या नातवाने कुंद्याचा डबा उपडा केला. काका ताडकन उठले... आणि पोराचे तुपकट हात आपल्या रुमालाने पुसत बसले. वर आम्हालाच, "बघताय काय, झाडू आणा की!"