शाळेतल्या मुलांना नर्सिंगची ओळख करून देताना

हायस्कूलच्या मुलांना नर्सिंगची ओळख करून द्यायची म्हटल्यावर मी सगळ्यात आधी काय शिकवायचं नाही ते ठरवलं. इंजेक्शन नाही, सलाइन नाही, खरा पेशंट तर नाहीच. मुलांना एकमेकांवर करून बघता येईल आणि चुकलं तरी कुणाला इजा होणार नाही, तेवढंच घेतलं: हात धुणं, नाडी, श्वास, ताप, रक्तदाब आणि पुतळ्यावर सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून करायचा तातडीचा उपचार. इंजेक्शन नाही म्हटल्यावर काही चेहरे पडले, पण मी ठाम राहिले.

हात धुण्याला मुलं आधी हसली. मग मी सगळ्यांच्या हातांना चमकणारं जेल लावलं, साबणाने हात धुवून यायला सांगितलं आणि खोली अंधारी करून अतिनील दिव्याखाली हात धरायला लावले. अंगठे, बोटांची टोकं, नखांच्या कडा, सगळं चमकत होतं. साबणाने नीट हात धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात हे त्यानंतर कुणाला पटवावं लागलं नाही. तिथेच मी त्यांना सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरची गोष्ट सांगितली. व्हिएन्नामध्ये १८४७ साली, रोगजंतूंबद्दल अजून कुणाला नीट माहीत नसताना, त्याने प्रसूतीच्या वॉर्डातल्या डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने कमी झाले.

नाडी पटकन जमली. तर्जनी आणि मधलं बोट मनगटावर ठेवायचं. अंगठा वापरायचा नाही, कारण त्यात आपलीच नाडी लागते. श्वास मोजायची युक्ती मात्र मुलांना फार आवडली: नाडी मोजून झाली तरी हात सोडायचा नाही आणि गुपचूप छातीची हालचाल मोजायची. सांगून मोजलं, तर माणसाचा श्वास लगेच बदलतो.

स्पर्शाआधी विचारायचं, हा नियम पहिल्यापासून होता. आपलं नाव सांगायचं, काय करणार आहोत ते सांगायचं, ‘हात धरू का?’ म्हणायचं आणि उत्तराची वाट बघायची. कुणी नको म्हणालं तर कारण विचारायचं नाही. काही मुलींनी फक्त मैत्रिणींनाच रक्तदाब घेऊ दिला, एका मुलाने कुणालाच नाही. पेशंटला नकार देता येतो, हे मुलांना तिथेच कळलं.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो रक्तदाबात. पट्टा दंडाला बांधायचा, स्टेथोस्कोप कोपराच्या आतल्या बाजूला धमनीवर ठेवायचा, हवा सावकाश सोडायची. पहिला ठोका ऐकू आला तो वरचा आकडा, आवाज बंद झाला तो खालचा. कोरोत्कोव्ह नावाच्या रशियन डॉक्टरने १९०५ साली सांगितलेली ही पद्धत आजही तशीच वापरतात. वह्या तपासायला घेतल्या, तर एकामागून एक १२०/८०, म्हणजे न ऐकताच लिहिलेला पुस्तकातला आकडा. एकीने मात्र लिहिलं होतं, ‘ऐकू आलं नाही.’

तिचं ते वाक्य मी फळ्यावर लिहिलं. रक्तदाबाच्या आकड्यावरून औषध ठरतं, डोस वाढतो किंवा थांबतो. वॉर्डात न ऐकलेला आकडा लिहिणारी नर्स धोकादायक असते, हे मी तेव्हा आवाज चढवून सांगितलं आणि पुन्हा सांगेन. त्यानंतर वह्यांमध्ये ‘परत घेते’, ‘खात्री नाही’ असे शेरे दिसू लागले आणि आकडेही वेगवेगळे येऊ लागले.

सीपीआरला मुलं दमली. मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटीमीटर खोल छाती दाबायची म्हणजे मोठ्या माणसाचीही दमछाक होते, म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदलायला शिकवलं.

शेवटी प्रश्न आले. मुलगे नर्स होतात का? होतात, आणि उत्तम काम करतात. रात्रपाळी असते का? असते, आणि ती जड जाते. हे मी लपवलं नाही. पुढच्या तुकडीला रक्तदाब आधी शिकवणार आहे, दोघांना एकदम ऐकता येईल असा स्टेथोस्कोप घेऊन. म्हणजे ठोका नक्की कुठे सुरू झाला ते मुलांबरोबर मलाही ऐकता येईल.